ओळखीचा माणूस

“माताजी, उस लड़के को तो हम सब अच्छी तरह जानते हैं।”

देवासमधील एका बँकेच्या शाखाधिकाऱ्याने आमच्या गल्लीतील ऐंशी वर्षांच्या काकूंना हे वाक्य समजुतीच्या सुरात ऐकविले, तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. काकूंची तक्रार अशी होती की, चौदा महिन्यांत त्यांच्या खात्यातून अकरा वेळा रोख रक्कम काढली गेली आणि त्यांपैकी सहा वेळची रक्कम त्यांच्या हाती कधी आलीच नाही. काढणारा होता औषधे, दूध आणि विजेचे बिल पाहणारा एक होतकरू मुलगा. काकूंना गुडघ्यांमुळे बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत. एक चिरंजीव पुण्यास, दुसरे परदेशी. म्हणून त्या चार-पाच विड्रॉल फॉर्मांवर एकदमच सह्या करून ठेवीत आणि लागेल तसा एकेक फॉर्म पासबुकासह त्या मुलाच्या हाती देत. पुढे कोरे फॉर्म कुठे असतात हे त्याला ठाऊक झाले. मोबाइलवर बँकेचा संदेश का आला नाही, असे विचारता उलगडा झाला की खात्याला जोडलेला क्रमांक त्या मुलाचाच होता. काकूंना मोबाइल चालविता येत नाही म्हणून त्यांच्याच संमतीने तो जोडला गेला होता. पासबुकावर नोंदी का नाहीत? तर ते छापण्याचे यंत्र बरेच दिवस बंद होते.

मुलाचे पुढे काय झाले ते येथे सांगत नाही. तो या लेखाचा विषय नव्हे. विषय आहे तो शाखाधिकाऱ्याचे वाक्य. सहा वेळा परक्या माणसाच्या हाती खातेदाराचे पैसे दिल्याबद्दल त्या गृहस्थाने क्षमा मागितली नाही; उलट, ‘आम्ही त्याला ओळखतो’ हेच आपल्या दक्षतेचे प्रमाणपत्र म्हणून पुढे केले. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही ते उत्तर फारसे खटकले नाही. घरी आल्यावर खटकले.

आपल्या भाषेत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक ओळख म्हणजे परिचय: तोंडदेखला, घरोब्याचा, पिढ्यांचा. दुसरी ओळख म्हणजे ‘ओळख पटणे’: समोरचा मनुष्य तोच आहे, ज्याचे नाव या कागदावर आहे, याची खातरजमा. पहिली स्नेहाची बाब आहे, दुसरी पुराव्याची. धार आणि देवाससारख्या गावांतून बँकेच्या खिडकीवर पहिली ओळख दुसरीच्या जागी चालते, आणि चालते याचा आपल्याला अभिमान वाटतो, हे माझे म्हणणे आहे. त्या अभिमानाची किंमत कोण मोजतो, ते पाहावे.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांचा सारा व्यवहार विश्वासावर चालला, आता ही कागदपत्रांची कटकट कशाला? हा इतिहास म्हणून सांगितला जाणारा गैरसमज आहे. पवारांच्या लष्कराबरोबर अठराव्या शतकात जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांच्या दप्तरांतील साधे पत्र उघडून पाहावे. मजकूर संपतो तेथे ‘मोर्तब सुद’ची मुद्रा उठविलेली असते. ती शोभेची नव्हे. तिच्याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये म्हणून ती लेखनाची सीमा असे. आपल्याच कारकुनावर, आपल्याच सांडणीस्वारावर विश्वास टाकूनही मुद्रा उठविली जाई, आणि त्यात त्या कारकुनाला अपमान वाटत नसे.

हुंडीचे तर विचारूच नये. इंदूर-उज्जैनच्या सराफ्यांतून अफूच्या व्यापाराचा जो प्रचंड पैसा मुंबईपर्यंत खेळला, तो हुंडीवर. हुंडीचे प्रकार अनेक. नामजोग हुंडी ज्याच्या नावाची त्यालाच पोचायची. पण शाहजोग हुंडीची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. तिचे पैसे कोणाही आणणाऱ्याला मिळत नसत. ते ‘शाहा’ला, म्हणजे बाजारातील पतदार, नाव असलेल्या व्यापाऱ्याला मिळत. हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर ज्या शाहाने पैसे उचलले त्याने ते व्याजासह परत करावयाचे, असा बाजाराचा दंडक होता. म्हणजे तेथेही ओळखीवरच व्यवहार होता. परंतु त्या ओळखीला जामीन होता. ‘मी याला ओळखतो’ असे म्हणणारा मनुष्य ‘आणि चुकलो तर मी भरीन’ हेही त्याच श्वासात म्हणत असे. १८८१ साली इंग्रजांनी चेक-हुंड्यांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्यांनी हात लावला नाही, हे उगाच नव्हे.

आता शाखाधिकाऱ्याचे वाक्य या कसोटीवर घासून पाहावे. ‘उस लड़के को हम जानते हैं’, ठीक. मग भरतो कोण? तेथे मात्र बँक शाहा नव्हती. तेथे काकूंची सही होती आणि सहीखाली काकू एकट्या होत्या.

परिचयावर चालणारी बँक एके काळी या गावांना शोभतही होती. देवास म्हणजे एका गावात दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये. त्या गावात बँकाही दोन निघाल्या होत्या, आणि १९६० च्या दशकात त्या दोन्ही स्टेट बँक ऑफ इंदूरच्या पोटात गेल्या. त्या काळातील रोखपाल गावचाच असे. कोणाच्या घरी मुंज आहे, कोणाचे वडील आजारी आहेत, कोणता पुतण्या काकांच्या जिवावर चैन करतो, हे सारे त्याला ठाऊक असे. पुतण्या एकटा मोठी रक्कम काढावयास आला तर ‘काकांची प्रकृती कशी आहे?’ असे विचारून तो संध्याकाळी सहज काकांच्या ओट्यावर टेकत असे. ही पडताळणीच होती. फक्त तिला तसे नाव नव्हते.

तो रोखपाल निवृत्त झाला. स्टेट बँक ऑफ इंदूरही २०१० साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आज कोणत्याही शाखेत खिडकीमागे बसलेला तरुण बिहारचा, राजस्थानचा वा केरळचा असतो. दोन-तीन वर्षांत त्याची बदली ठरलेली. त्याला आपली घराणी ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. मग तो ओळखतो कोणाला? जो रोज येतो त्याला! दुकानाचा मुनीम, डॉक्टरांचा कंपाउंडर, ठेवी गोळा करणारा एजंट, कोणाचा ड्रायव्हर, आणि काकूंचा तो मुलगा. खातेदार घरी अंथरुणावर. त्याचे तोंड बँकेने वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. ओळख आहे ती येणाऱ्याची, खातेदाराची नव्हे. जुन्या रोखपालाची वहिवाट उरली आणि तिच्यातील जाणकारी गेली. सोवळे सुटले तरी पाट मांडणे चालूच, तसा हा प्रकार.

ओळखीच्या आवाजावर पैसे देण्याची गोष्ट निघाली म्हणजे दिल्लीचे नगरवाला प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या पिढीने ते तरुणपणी वर्तमानपत्रांत तोंडात बोट घालून वाचले. २४ मे १९७१ रोजी संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. पलीकडून प्रथम प्रधानमंत्र्यांचे सचिव आणि मग प्रत्यक्ष इंदिरा गांधी बोलत आहेत, अशी त्यांची खात्री पटली. बांगलादेशाच्या गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवे आहेत. अमुक ठिकाणी ‘बांगलादेश का बाबू’ असा परवलीचा शब्द उच्चारणारा मनुष्य भेटेल, त्याला द्यावे. मल्होत्रांनी चेक मागितला नाही, पावती मागितली नाही. पेटी गाडीत घालून ते स्वतः गेले आणि लष्करातील माजी कॅप्टन रुस्तम सोहराब नगरवाला यांच्या हाती साठ लाख देऊन आले. पावतीसाठी प्रधानमंत्र्यांच्या घरी गेल्यावर कळले की असा दूरध्वनी कोणी केलाच नव्हता. नगरवाला त्याच दिवशी पकडले गेले, बहुतेक रक्कम मिळाली, काही दिवसांतच चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च १९७२ मध्ये कैदेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९७७ साली न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. या प्रकरणामागे आणखी काय होते यावर पन्नास वर्षे तर्क चालले आहेत, आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांनी ते अवश्य करावेत. मला एवढेच दिसते की, देशाच्या राजधानीत, संसदेपासून हाकेच्या अंतरावर, साठ लाख रुपये एका ‘ओळखीच्या आवाजा’वर दिले गेले, आणि तेथील नियम आपल्या देवासच्या शाखेतील नियमांहून सैल होते असे मुळीच नव्हे.

नियम उत्तमच आहेत, हीच तर दुःखाची गोष्ट. विड्रॉल फॉर्म हा चेक नव्हे, तो पासबुकासह खुद्द खातेदारानेच वापरावयाचा, दुसऱ्यास पैसे द्यावयाचे तर चेक लिहावा, असा बँकांचा सर्वसाधारण दंडक आहे. फॉर्म चेक नसल्याचे पुष्कळदा त्या फॉर्मावरच छापलेले असते. ते वाचण्याची तसदी फॉर्म भरणारा घेत नाही आणि स्वीकारणाराही घेत नाही. १८८१ च्या कायद्याचे दहावे कलम सांगते की, पैसे सद्‌बुद्धीने आणि निष्काळजीपणा न करता दिले गेले पाहिजेत, आणि घेणारा त्याचा हक्कदार नसावा असा संशय यावयास परिस्थितीत जागा नसावी, तरच ते ‘यथाविधि’ दिले गेले असे म्हणता येते. ऐंशी वर्षांच्या स्त्रीच्या नावचा विड्रॉल फॉर्म पंचविशीतला मुलगा घेऊन येतो; संशयाला याहून मोठी जागा ती कोणती हवी?

आणि साधने नाहीत म्हणावे, तर तेही नाही. खाते उघडताना घेतलेले छायाचित्र आणि नमुना स्वाक्षरी आज खिडकीवरील संगणकाच्या पडद्यावर एका कळीसरशी उमटते. २००२ पासून रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ हा धोशा लावलेला आहे. त्यासाठी आपण किती वेळा आधार कार्डाच्या, पॅन कार्डाच्या, विजेच्या बिलाच्या प्रती दिल्या याची गणती नाही. त्या फायलीत जातात. कमी जोखमीच्या खातेदाराची ही माहिती दर दहा वर्षांनी नव्याने घ्यावी असा नियम आहे. म्हणजे दहा वर्षांतून एकदा बँक तुम्हांला बारकाईने ओळखते आणि मधल्या काळात तुमचे पैसे उचलणाऱ्याला नुसती मान डोलावून सोडते. रोख पन्नास हजारांवर भरावयास गेलात तर पॅन क्रमांक दाखवा, असा नियम मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून पाळला गेला. दुसऱ्याच्या खात्यात आपले पैसे भरून कोणी चोरी केल्याचे मी ऐकलेले नाही. सरकारला कराची काळजी म्हणून आत येणाऱ्या पैशाला पहारा. बाहेर जाणारा पैसा आपला, त्याची काळजी आपण करावी!

कायदा मात्र खातेदाराच्या बाजूने उभा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिलेला निवाडा प्रत्येक मराठी मंडळाच्या कोषाध्यक्षाने वाचावा असा आहे. मंगळूरच्या त्या कंपनीत चेकबुक सांभाळणाऱ्या, विश्वासातल्या हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाची खोटी सही करून बेचाळीस चेक वटविले. रक्कम तीन लाख सव्वीस हजारांच्या घरात. १९६१ च्या सुमारास हे उघड झाले. बँकेचा बचाव असा की, पासबुक कंपनीकडे नियमित जात होते, कोणी हरकत घेतली नाही, निष्काळजीपणा कंपनीचा. न्यायालयाने तो मानला नाही. सही खोटी असेल तर तो चेक खातेदाराचा आदेशच नव्हे, आणि आदेशावाचून दिलेला पैसा बँकेने आपल्या खिशातून दिला, असे त्या निवाड्याचे सार आहे. पासबुक न तपासणे हा खातेदाराचा एवढा मोठा अपराध होत नाही की त्याने आपला पैसा गमवावा. न्याय मिळाला, परंतु १९६१ ते १९८७ ही वर्षे मोजा. कंपनी थांबू शकली. काकूंना ऐंशीनंतर सव्वीस वर्षे कोण देणार?

शिवाय काकूंची सही खोटी नव्हती. येथे लेखणी आपल्याकडे वळवावी लागते. कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवणे ही आपली जुनी आणि लाडकी खोड आहे. आपल्या संस्थांमधूनही ती आहे. गणेशोत्सवाच्या धांदलीत अध्यक्षांना वारंवार त्रास नको म्हणून अख्ख्या चेकबुकावर त्यांची सही एका बैठकीत घेऊन ठेवणारी मंडळे मी पाहिली आहेत, आणि त्या अध्यक्षांच्या मोठ्या मनाची वाखाणणीही ऐकली आहे. दोन सह्यांचा नियम कशासाठी आहे, असे कोणी विचारले तर ‘आपल्यातच असा अविश्वास?’ म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. मंगळूरचा तो हिशेबनीसही ‘आपल्यातलाच’ होता. त्या बिचाऱ्याला निदान सही शिकावी तरी लागली. आपण तेवढाही श्रम उरू देत नाही.

मीही यातून सुटलेला नाही. वडील शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होते. त्यांचे निवृत्तिवेतन धारच्या एका बँकेतून मी काढून आणीत असे. सुरुवातीला सही त्यांची होती. पुढे हात कापू लागला तेव्हा मी मनगट धरीत असे. शेवटच्या चार-सहा महिन्यांत त्या सहीत त्यांचा भाग किती आणि माझा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. खिडकीवर कोणी एका शब्दाने विचारले नाही. फॉर्म आत सरकवायचा, नोटा बाहेर यायच्या, वर ‘बाबूजी कैसे हैं?’ अशी चौकशी. मला त्याचा केवढा अभिमान होता! बाहेर रांगेत कुक्षी-मनावरकडील भिल्ल-भिलाल्यांची माणसे कागद उराशी धरून उभी असत. त्यांना दोन-दोनदा परत पाठविले जाई, आणि मी पाच मिनिटांत मोकळा. आपले घराणे गावात ओळखले जाते याचा तो पुरावा वाटे. मी पैसे वडिलांच्या औषधालाच खर्च केले, हे खरे. परंतु बँकेला ते माहीत नव्हते. माझ्या जागी वडिलांना उपाशी ठेवणारा मुलगा असता, तर त्यालाही तेवढ्याच आदराने नोटा मिळाल्या असत्या आणि ‘बाबूजी कैसे हैं?’ हेही विचारले गेले असते.

आपल्यासाठी मान डोलावली जात होती, तेव्हा रांगेतील त्या माणसांचे काय होत होते, हे आपण पाहिले नाही. आज त्यांची रांग बँकेतून उठून गावोगावच्या कियोस्कवर गेली आहे. २०२३ साली लाडली बहना योजनेचे पैसे सुरू झाल्यापासून ती रांग अधिक लांब झाली. तेथे ओळख अंगठ्याची: आधारशी जोडलेला ठसा यंत्रावर ठेवावा, जुळला की पैसे. यंत्रापुढे घराणे चालत नाही, ही गोष्ट चांगलीच. परंतु यंत्र ओळखते अंगठ्याला. पडद्यावर कोणता आकडा आहे हे त्या अंगठ्याच्या मालकिणीला वाचता येते की नाही, हे यंत्राला कळत नाही. ‘मशीन ने नहीं लिया, फिर से लगाओ’ असे म्हणून दुसऱ्यांदा ठसा घेता येतो, आणि पहिल्या ठशाचे पैसे कोठे गेले हे पावतीवाचून तिला कधीच कळत नाही. या केंद्रचालकांची कसून पडताळणी करावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढली आणि तिचा अंमल १ जानेवारी २०२६ पासून ठरविला. इतकी वर्षे अंगठा लावणारीची ओळख घेतली जात होती आणि अंगठा लावून घेणाऱ्याची नव्हती, असा त्याचा अर्थ.

यंत्रानेच सारे सुटेल म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेकडे पाहावे. १९०६ साली स्थापन झालेली, मराठी मध्यमवर्गाने जोपासलेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत तिच्या बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतील एटीएममधून सुमारे अठ्ठ्याहत्तर कोटी रुपये रोख काढले गेले. भारतातील यंत्रांतून अडीच कोटी. आणि दोन दिवसांनी हाँगकाँगला जवळजवळ चौदा कोटी वळविले गेले. मार्ग असा की, ‘हे कार्ड खरे काय?’ हा एटीएमचा प्रश्न बँकेपर्यंत पोचूच द्यावयाचा नाही; मधेच बसविलेल्या खोट्या यंत्रणेने ‘होय, खरे आहे’ असे उत्तर द्यावयाचे. ‘इनको तो हम जानते हैं’चाच हा विजेवर चालणारा अवतार. फरक एवढाच की ते नुकसान बँकेचे ठरले, खातेदारांचे नव्हे.

देवासकरांना मात्र पुण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. देशाच्या नोटा आपल्या गावातील बँक नोट प्रेसमध्ये छापल्या जातात. तेथील बंदोबस्त सर्वांना ठाऊक आहे. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान, कामगारांची अंगझडती. आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे पकडला गेला कोण? छपाईत बाद ठरलेल्या नोटांवर देखरेख ठेवणारा अधिकारीच. बुटांतून नोटा बाहेर नेण्याचा त्याचा क्रम चालू होता. कार्यालयातून आणि घरातून मिळून सुमारे नव्वद लाख रुपये निघाले. वरिष्ठ म्हणून त्याची झडती कामगारांसारखी होत नसे, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. साहेबांना कोण ओळखत नाही?

आता आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. नियम काटेकोर पाळले तर सर्वांत आधी हाल होतील ते काकूंचेच. पायऱ्या चढवत नाहीत, हात थरथरतो, सही जुळत नाही. बँक म्हणेल, खातेदारास घेऊन या. खाटेवर घालून वृद्धांना बँकेत नेल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलेली आहेत. ती काटेकोरता नव्हे. तो त्याच आळसाचा दुसरा अवतार आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम अगदी स्पष्ट आहे. आजारी वा असमर्थ खातेदारास सही करता येत नसेल तर हाताचा, तोही नाही तर पायाचा अंगठा चालतो. फक्त बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. म्हणजे अधिकाऱ्याने उठून खातेदाराच्या घरी जावे, असेच ना? ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने तर सत्तर वर्षांवरील आणि अपंग खातेदारांना रोख रक्कम घरपोच देण्याची व्यवस्था करा, असे बँकांना सांगितले. आपल्या किती शाखांतून ती होते? आणि आपल्यापैकी किती जणांनी ती लेखी अर्ज करून मागितली? मी चौकशी केली तेव्हा मला उत्तर मिळाले, “अरे साहब, आप तो किसी को भी भेज दीजिए।”

‘किसी को भी’. हे सौजन्य नव्हे, अंग चोरणे आहे. आणि आपण त्याला सौजन्य म्हणतो, कारण त्यात आपला मान राखल्यासारखा वाटतो. माणूस घरी पाठविणे महाग, मान डोलावणे फुकट. खाते-क्रमांकाला जोडलेला मोबाइल खातेदाराचा आहे की दुसऱ्याचा, एवढे एक पाहणेही कोणाला जड नाही. परंतु ते पाहण्यासाठी खातेदार नावाचा एक मनुष्य कोठेतरी आहे, याची आठवण ठेवावी लागते.

आपली मुले आता या गावांत राहत नाहीत. धारच्या आणि देवासच्या मराठी वाड्यांतून संध्याकाळी जो दिवा दिसतो, तो पुष्कळदा एकट्या काकूंचा, एकट्या आत्यांचा किंवा वहिनी गेल्यानंतर उरलेल्या एखाद्या भाऊसाहेबांचा असतो. त्यांच्या खात्यांत पन्नास वर्षांच्या काटकसरीचा पैसा आहे, हे बँकेला ठाऊक आहे आणि औषधे आणून देणाऱ्यालाही ठाऊक आहे. म्हणून संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे की, पुढल्या त्रैमासिक सभेला प्रत्येकाने आपल्या आळीतील अशा एका घरी जाऊन आल्याशिवाय येऊ नये. कोरे फॉर्म सही करून ठेवलेले असतील तर ते त्यांच्यादेखत फाडावेत, मोबाइल क्रमांक तपासावा, आणि घरपोच रोख रकमेचा अर्ज लिहून द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. नाकारला तर नकार लेखी मागावा. संस्थेच्या स्वतःच्या चेकबुकाविषयी मी सभेतच बोलेन.

गेल्या महिन्यात मी माझ्याच पैशांसाठी बँकेत गेलो. चेकबरोबर ओळखपत्रही खिडकीतून आत सरकविले. तरुण हसला. “रहने दीजिए दादा, आपको तो जानते हैं।” मी म्हटले, तरीही पाहा. त्याने एकदा छायाचित्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, थोडा वेळ पाहिले, आणि कार्ड परत दिले. मागे रांगेत आपल्याच संस्थेचे एक जुने सभासद उभे होते. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “काय हो, तुम्हांलासुद्धा ओळखपत्र मागायला लागले काय?”